स्त्रिया, लोकसेवा आणि राजकारण



नंदिनी नगर ही खाणीच्या आश्रयाने उभी राहिलेली वसाहत आहे. येथील चुनखडी भिलाई पोलाद कारखान्याच्या झोतभट्ट्यांत जाते. लोहखनिज दल्ली-राजहरा येथील डोंगरांतून येते आणि डोलोमाइट हिर्रीहून. भट्टीत चुनखडीचे काम असे, की खनिजातील मातीचा व वाळूचा अंश आपल्यात सामावून घ्यायचा आणि मळीच्या रूपाने बाहेर पडायचे. लोखंड शुद्ध होते. चुनखडी मळीबरोबर निघून जाते. स्त्रियांच्या लोकसेवेवर बोलू लागणाऱ्याला ही उपमा फार सोयीची वाटेल. समारंभांतून चंदनाच्या, समईच्या, मेणबत्तीच्या अशाच उपमा ऐकू येतात. परंतु त्या सोडून देणेच इष्ट होय. चुनखडीला कोणी काही विचारत नाही, आणि तिला उत्तरही देता येत नाही. माणसांच्या बाबतीत प्रश्न नेमका तोच असतो: हाक कोणी दिली, कशासाठी दिली, आणि हाकेला ओ देऊन आलेल्या स्त्रीला निर्णयाच्या बैठकीत जागा होती की नव्हती?

सार्वजनिक जीवनातील स्त्रीविषयी एक समजूत सर्वत्र दृढ आहे. तिने आधी सेवा करावी. बालवाडी चालवावी, शिवणवर्ग काढावेत, पूरग्रस्तांसाठी कपडे गोळा करावेत. या सेवेने ती पात्र ठरली, म्हणजे मग समाज आपणहून तिला राजकारणाचे दार उघडून देईल. पुरुषाला अशी उमेदवारी कोणी सांगत नाही, ही गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली तरी चालेल. अधिक महत्त्वाची गोष्ट ही, की सेवा आधी आणि सत्ता मागून हा क्रम निदान या प्रदेशाच्या इतिहासात तरी आढळत नाही. येथे पुष्कळदा अधिकार आधी झगडून मिळवावा लागला, आणि तो हाती आल्यावरच सेवा करता आली.

दुर्ग जिल्हा १९०६ मध्ये निर्माण झाला. तेव्हापासून १९५६ पर्यंत त्याचा कारभार नागपूरहून चालत असे, कारण नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती. त्यामुळे मराठी वाचकांना परिचित असलेल्या नागपूरच्या अनसूयाबाई काळे या एका अर्थाने या भागाच्याही इतिहासातील व्यक्ती ठरतात. १९२८ मध्ये त्यांची प्रांतिक विधिमंडळावर नियुक्ती झाली. सरकारने दिलेली ही जागा शोभेची मानून तेथे स्वस्थ बसून राहता आले असते. १९३० मध्ये सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू होताच अनसूयाबाईंनी ती जागा सोडली आणि तुरुंगवास पत्करला. पुढे १९३७ मध्ये त्या निवडून आल्या आणि प्रांतिक विधानसभेच्या उपाध्यक्ष झाल्या. ज्या कायद्याखाली ही निवडणूक झाली, त्या १९३५च्या कायद्याने स्त्रियांना मताधिकार दिला तो कसा, तेही पाहण्यासारखे आहे. मालमत्ता किंवा साक्षरता या कसोट्यांबरोबरच मालमत्ताधारकाची पत्नी असणे हीदेखील मतदार होण्याची एक पात्रता होती. स्त्रियांच्या प्रमुख संघटनांना हे मान्य नव्हते. त्यांनी सरसकट प्रौढ मताधिकार मागितला होता, आणि राखीव जागांनाही विरोध केला होता. स्त्रीने सवलतीने येऊ नये, हक्काने यावे, अशी त्यांची भूमिका होती. ती भूमिका उदात्त होती, यात संशय नाही. परंतु पुढील अर्धशतकाच्या अनुभवाने ती पुरेशी ठरली नाही, असेच म्हणावे लागेल.

१९४२च्या ऑगस्टमध्ये आष्टी आणि चिमूर येथे उठाव झाला. त्यानंतर चिमूरमध्ये लष्कर आणि पोलीस यांनी जे केले, त्याच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांनी दीर्घ उपोषण केले, हे सर्वविदित आहे. या प्रकरणात ज्यांना फाशीच्या शिक्षा झाल्या, त्यांचे प्राण वाचविण्यासाठी अनसूयाबाईंनी जी खटपट केली, तिची आठवण त्या मानाने कमी ठेवली जाते. अखेर त्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या गेल्या. त्या काळी अनसूयाबाईंच्या हाती कोणतेही पद नव्हते. परंतु विधिमंडळाची भाषा, अर्जविनंत्यांची पद्धत, कोणते दार कोणत्या वेळी ठोठवावे याची जाण, ही उपाध्यक्षपदाच्या खुर्चीने दिलेली शिदोरी होती, असे मानण्यास जागा आहे. केवळ कळवळा असता, तर तो कैद्यांच्या नातेवाइकांजवळही होता, आणि तो काही कमी नव्हता. १९५२ आणि १९५७ अशा दोन्ही निवडणुकांत नागपूरने अनसूयाबाईंना लोकसभेत पाठविले. १९५८ मध्ये त्यांचे निधन झाले.

स्वातंत्र्यानंतर मात्र चित्र पालटले. संविधान सभेत पंधरा स्त्रिया होत्या, आणि त्यांपैकी दुर्गाबाई देशमुख या कायद्याच्या कलमांवर बारकाईने बोलणाऱ्या सभासद म्हणून ओळखल्या जात. १९५२च्या निवडणुकीत त्यांना लोकसभेत जाता आले नाही. त्यांची नियोजन आयोगावर नेमणूक झाली, आणि १९५३ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. मंडळाचे कार्य मोठे होते. शेकडो स्त्रीसंस्थांना त्याने अनुदान दिले. तथापि याच काळात तुरुंगात जाऊन आलेल्या स्त्रियांच्या एका पिढीला समाजकल्याणाच्या खात्यात बसविण्यात आले आणि तिकिटे पुरुषांना वाटण्यात आली, हेही खरे आहे. हाक जुनीच होती. फक्त आता तिच्या मागे कायदेभंग नव्हता. अनुदानाचा अर्ज होता.

मुंबईच्या गोरेगावात मृणाल गोरे यांना याच काळात उलट दिशेचा अनुभव येत होता. वैद्यकीय शिक्षण सोडून त्या राष्ट्र सेवा दलात आल्या. तो त्यागच होता. परंतु चाळींत पाणी त्यागाने येत नाही. नळ घालावा लागतो, आणि नळाचा खर्च महापालिकेच्या अंदाजपत्रकात मंजूर व्हावा लागतो. १९६१ मध्ये त्या महापालिकेत निवडून गेल्या आणि पुढे ‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखल्या गेल्या. १९७२ मध्ये विधानसभा आणि १९७७ मध्ये लोकसभा हे पुढचे टप्पे होत. सेवेचा राजकारणाशी काही संबंध नाही असे मानणाऱ्यांनी पाण्याच्या नळाचा विचार करून पाहावा.

छत्तीसगडच्या पहिल्या महिला खासदार मिनीमाता यांचा मार्ग याहून वेगळा होता. त्यांचा जन्म आसाममध्ये झाला. मूळ कुटुंब बिलासपूरकडचे. दुष्काळाच्या दिवसांत पोट भरण्यासाठी छत्तीसगडमधून चहाच्या मळ्यांकडे जे असंख्य लोक गेले, त्यांत ते होते. माहेरचे नाव मीनाक्षी. सतनामी पंथाचे गुरू अगमदास यांच्याशी विवाह होऊन त्या छत्तीसगडमध्ये परत आल्या आणि गुरूंच्या पत्नी म्हणून ‘माता’ झाल्या. गुरू घासीदासांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्थापन केलेला हा पंथ जातिभेद मानत नाही. तरीही पंथाच्या अनुयायांना गावोगावच्या विहिरींवर आणि देवळांत अस्पृश्यतेचा चटका सोसावा लागत होता. अगमदास पहिल्या लोकसभेचे सभासद होते. त्यांच्या निधनानंतर झालेल्या पोटनिवडणुकीत, १९५५ मध्ये, मिनीमाता लोकसभेत आल्या.

पतीच्या मृत्यूनंतर पत्नीला उमेदवारी देण्याची प्रथा आपल्या राजकारणात तेव्हाही होती आणि पुढेही राहिली. तिच्यामागे सहानुभूतीचा हिशेब असतो, आणि विधवेने घराण्याची जागा राखावी, कारभार इतरांनी पाहावा, अशी अपेक्षाही असते. म्हणून अशा स्त्रीची खरी परीक्षा पहिल्या निवडणुकीत होत नाही. सहानुभूती ओसरल्यावर होणाऱ्या दुसऱ्या निवडणुकीत ती होते. मिनीमाता १९५७, १९६२, १९६७ आणि १९७१ अशा चार सार्वत्रिक निवडणुका जिंकल्या. ज्या वर्षी त्या लोकसभेत आल्या, त्याच वर्षी अस्पृश्यतेचे आचरण हा गुन्हा ठरविणारा कायदा संमत झाला. हा कायदा गावाच्या विहिरीपर्यंत पोहोचावा, हा पुढे मिनीमातांच्या कार्याचा एक मुख्य विषय झाला. बालविवाह आणि हुंडा यांविरुद्ध त्या बोलत. छत्तीसगडच्या शेतीला पाणी मिळावे म्हणून त्यांनी प्रयत्न केले, आणि हसदेव नदीवरील बांगो धरणाला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. दिल्लीतील त्यांचे निवासस्थान हे छत्तीसगडहून येणाऱ्या कोणाही माणसाचे उतरण्याचे ठिकाण असे. ११ ऑगस्ट १९७२ रोजी दिल्लीजवळ झालेल्या विमान अपघातात त्यांचा अंत झाला.

या चरित्रातील एक शब्द विचार करण्याजोगा आहे: ‘माता’. लोकांनी प्रेमाने दिलेला हा मान त्यांना दूरच्या खेड्यांतही घेऊन गेला, जेथे केवळ खासदार म्हणून गेलेल्या बाईला कदाचित कोणी दारात उभे केले नसते. परंतु माता म्हणून जिचा गौरव होतो, तिच्या मतांची नोंद ठेवण्याची कोणाला गरज भासत नाही. आज त्यांच्या नावाने पुरस्कार आहे, धरण आहे, पुतळे आहेत. लोकसभेतील त्यांच्या कामाचा मराठीत तर नाहीच, हिंदीतही पुरेसा परामर्श घेतला गेलेला नाही. वत्सलतेच्या आठवणीत विधिमंडळाची सभासद हरवून जाते.

आता दल्ली-राजहरा. नंदिनीप्रमाणेच हीदेखील भिलाईच्या मालकीची खाण. परंतु सत्तरच्या दशकात तेथील फार मोठे काम ठेकेदारांमार्फत आणि हाताने होत असे. पुरुष खडक फोडी, स्त्री खनिज उचलून भरी. काम जोडीने, आणि मजुरी भरलेल्या मालावर. नवरा-बायको एकाच खाणीत, मूल झाडाला बांधलेल्या झोळीत. कारखान्याच्या नियमित कामगारांना जे मिळे, त्याचा अल्प अंश या ठेक्याच्या मजुरांच्या वाट्याला येई. १९७७च्या प्रारंभी बोनसच्या प्रश्नावर हे मजूर जुन्या युनियनमधून बाहेर पडले. छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ या नावाने त्यांनी आपली स्वतंत्र संघटना उभारली, आणि शंकर गुहा नियोगी यांना नेतृत्वासाठी बोलावून आणले.

त्यांच्या मागण्यांत एक मागणी पावसाळ्यापूर्वी झोपड्यांच्या दुरुस्तीसाठी भत्ता मिळावा अशी होती. वेतनाच्या वाटाघाटींत असा विषय सहसा येत नाही. छप्पर गळते ते घरात राहणाऱ्याच्या डोक्यावर, आणि त्याखाली चूल पेटवायची असते ती स्त्रीला. ही मागणी कामगार चळवळीच्या मागणीपत्रात आली, यावरून बैठकीत कोण बसले होते याचा अंदाज करता येतो. २ जूनच्या रात्री पोलिसांनी नियोगींना अटक केली. मजुरांनी पोलिसांची एक तुकडी अडवून धरली. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी झालेल्या गोळीबारात अकरा जण मृत्यू पावले. त्यांत अनसूयाबाई नावाची एक कामगार स्त्री होती. नागपूरच्या अनसूयाबाईंशी नावाचे हे साम्य केवळ योगायोगाचे. सुदामा नावाचा एक मुलगाही होता.

त्यानंतरचा प्रश्न यंत्रांचा होता, आणि स्त्रियांच्या दृष्टीने तो गोळीबाराइतकाच जीवनमरणाचा होता. १९५२च्या खाण कायद्याने स्त्रियांना भूगर्भातील कामाची बंदी केली होती. जमिनीवरील कामही त्यांनी सकाळी ६ ते सायंकाळी ७ या वेळेतच करावे, असे बंधन घातले होते. हा नियम संरक्षणासाठी होता. परंतु यंत्र आले की ते तीन पाळ्यांत चालवावे लागते, नाहीतर त्याची किंमत वसूल होत नाही. रात्रपाळीला जिला येता येत नाही, तिला यंत्रावर घेण्यात व्यवस्थापनाला रस नसतो. यंत्र चालविण्याचे शिक्षणही पुरुषालाच मिळते. म्हणजे संरक्षणाचा नियम आणि यंत्राचा हिशेब एकत्र आले, की स्त्री कामावरून आपोआप वगळली जाते, आणि कोणालाही तिला काढून टाकण्याचा आदेश द्यावा लागत नाही. २०१९ मध्ये काही अटींवर ही वेळेची मर्यादा शिथिल झाली; तोवर चार दशके लोटली होती. बस्तरमधील बैलाडिला येथे एप्रिल १९७८ मध्ये यांत्रिकीकरणामुळे होणाऱ्या कपातीविरुद्ध आंदोलन झाले आणि तेथेही गोळीबार झाला. दल्लीच्या मजुरांपुढे हे उदाहरण ताजे होते.

त्यांच्या संघटनेने सरसकट विरोध केला नाही. खडक फोडण्याचे आणि निवडण्याचे काम माणसांकडे ठेवावे, वाहतूक व चुरा करण्याचे काम यंत्राकडे द्यावे, अशी अर्धयांत्रिकीकरणाची पर्यायी योजना तिने मांडली आणि काही काळ ती मान्यही करून घेतली. या लढ्यात स्त्रिया आघाडीवर होत्या, कारण हरल्यास सर्वप्रथम त्यांचेच काम जाणार होते. महिला मुक्ती मोर्चा ही स्त्रियांची स्वतंत्र संघटना याच वातावरणात उभी राहिली. दारूबंदीचा प्रश्न तिने हाती घेतला. वाढलेली मजुरी घरापर्यंत न पोहोचता दारूच्या गुत्त्यावर संपते, हे स्त्रियांनी सभांतून उघडपणे मांडले, आणि पिणाऱ्या सभासदांना दंड करण्यास संघटनेला भाग पाडले. दारूबंदी हे नीतीचे काम म्हणून अनेक समित्या करीत आल्या आहेत. येथे ते मजुरीच्या लढ्याचा पुढचा भाग म्हणून झाले, हा फरक लहान नव्हे.

आणि मग कुसुमबाईंचा मृत्यू. त्या संघटनेच्या उपाध्यक्षा होत्या. १९७०च्या दशकाच्या अखेरीस बाळंतपणात, योग्य उपचारांच्या अभावी त्या मरण पावल्या. हजारो मजूर गोळा झाले. क्षोभ होताच, आणि अशा प्रसंगी तो बहुधा दगडफेकीत किंवा निवेदनात संपतो. येथे तो बांधकामात उतरला. स्वतःचे रुग्णालय उभारण्याचा निश्चय झाला. काही तरुण डॉक्टर येऊन मिळाले, १९८२ मध्ये दवाखाना सुरू झाला, आणि गोळीबाराच्या स्मृतिदिनी, ३ जून १९८३ रोजी, शहीद रुग्णालय उघडले. मजुरांनी आपल्या वर्गणीतून आणि आपल्या श्रमाने ते बांधले. सरकारी अनुदान घेतले नाही. कामगारांच्या घरांतील तरुण-तरुणींना शिकवून आरोग्यसेवक करण्यात आले.

या घटनांचा क्रम ध्यानात घ्यावा. आधी संघटना झाली. संघटनेत एक स्त्री उपाध्यक्ष झाली. तिच्या मृत्यूला सार्वजनिक प्रश्नाचे रूप आले. आणि शेवटी सेवा उभी राहिली. बाळंतपणात मरणाऱ्या स्त्रिया त्यापूर्वीही होत्याच, आणि त्यांच्याविषयी हळहळणारी माणसेही होती. कुसुमबाईंच्या मृत्यूने रुग्णालय उभे राहिले याचे कारण त्या पदाधिकारी होत्या, आणि त्यांच्या मागे वर्गणी गोळा करू शकणारी, दिवसभराच्या मजुरीनंतर विटा वाहण्यास तयार असणारी संघटित शक्ती होती. दयेतून अशी इमारत क्वचितच उभी राहते. दयेला पैसा मागावा लागतो, आणि पैसा देणारा अटी घालतो.

पण या चळवळीचे गुणगान करताना तिची मर्यादा झाकून ठेवणे योग्य होणार नाही. १९८५ मध्ये तिने दौंडी-लोहारा मतदारसंघातून विधानसभेची निवडणूक जिंकली. निवडून आले ते जनकलाल ठाकूर, एक पुरुष. ते निष्ठावान कार्यकर्ते होते, आणि १९९३ मध्येही विजयी झाले. पण गोळीबारात, दारूबंदीत आणि यंत्रांविरुद्धच्या लढ्यात ज्या स्त्रिया पुढे होत्या, त्यांच्यापैकी एकीलाही विधानसभेची उमेदवारी द्यावी, असे त्या प्रगत संघटनेला वाटले नाही. पुढील दशकांत यंत्रे आलीच, आणि खाणींतील स्त्रियांची संख्या घटत गेली. काम गेले की संघटनेतील आवाजही जातो, हेही येथेच दिसून आले.

योगायोग असा, की त्याच दौंडी-लोहाऱ्याने २०१३ पासून लागोपाठ तीनदा एका स्त्रीला, अनिला भेंडिया यांना, निवडून दिले. २०१८ मध्ये त्या मंत्री झाल्या, त्या मंत्रिमंडळातील एकमेव स्त्री. खाते मिळाले महिला व बालविकास. छत्तीसगडमध्ये हे खाते २००८ नंतर लता उसेंडी, २०१३ नंतर रमशीला साहू, २०१८ नंतर अनिला भेंडिया आणि २०२३ नंतर लक्ष्मी राजवाडे यांच्याकडे आले. पक्ष बदलला, मुख्यमंत्री बदलले. खाते आणि खात्याची मंत्री स्त्री असण्याची रीत बदलली नाही. त्याच काळात गृह आणि अर्थ ही खाती पुरुषांकडेच राहिली. महिला व बालविकासाचे खाते कमी प्रतीचे आहे, असे कोणी समजू नये. अंगणवाडीत येणाऱ्या लाखो मुलांचे पोषण त्यावर अवलंबून असते. आक्षेप आहे तो असा, की त्या खात्याला पैसा किती द्यायचा हे ज्या टेबलावर ठरते, तेथे ती मंत्री मागणारी म्हणून बसते. दुर्गाबाईंच्या मंडळापासून येथपर्यंतचा हा प्रवास सरळ रेषेत झालेला आहे. अपवाद आहेत, आणि ते याच परिसरातले आहेत. सरोज पांडे दुर्गच्या महापौर होत्या. भिलाईच्या वैशाली नगर मतदारसंघातून २००८ मध्ये त्या विधानसभेत गेल्या, आणि २००९ मध्ये दुर्गमधून लोकसभेत. त्यांच्या पक्षाविषयी कोणाचे काहीही मत असो, सेवेची उमेदवारी न करता सरळ सत्तेच्या मार्गाने वर जाणे स्त्रीला अशक्य नाही, एवढे यावरून दिसते.

स्त्रियांच्या दर्जाचा अभ्यास करण्यासाठी नेमलेल्या राष्ट्रीय समितीने १९७४च्या अहवालात विधिमंडळांतील राखीव जागांची कल्पना बहुमताने नाकारली, आणि गावपातळीवर स्त्रियांच्या पंचायती स्थापण्याची शिफारस केली. लतिका सरकार आणि वीणा मजुमदार यांनी भिन्न मत नोंदविले. तीसच्या दशकातील संघटनांनी जी वाट नाकारली होती, तिच्याकडे अनुभवानंतर वळावे लागत आहे, हा त्याचा आशय होता. महाराष्ट्राने १९९० मध्ये स्थानिक संस्थांत ३० टक्के जागा स्त्रियांसाठी राखल्या. ७३वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली आणि सर्व देशात पंचायतींच्या एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. छत्तीसगडने २००८ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले, महाराष्ट्राने २०११ मध्ये.

कायदा येण्यापूर्वीच महाराष्ट्रात काही गावांनी हा प्रयोग केला होता. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवड येथे भरले, आणि शेतकरी स्त्रियांनी स्थानिक निवडणुकांत उतरावे हा विचार तेथून पुढे आला. १९८९ मध्ये काही गावांत संपूर्ण स्त्रियांचे पॅनेल उभे राहिले. जळगाव जिल्ह्यातील विटनेर येथे ते निवडून आले. त्याच गावात पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’च्या कार्यक्रमाखाली शंभरावर कुटुंबांनी जमिनीचा एक हिस्सा पत्नीच्या नावे केला. पंचायतीची सत्ता आणि सातबाराच्या उताऱ्यावरचे नाव यांचा संबंध ज्यांना उमगला, त्या स्त्रिया शिकलेल्या होत्या असे नव्हे. दल्लीच्या स्त्रियांप्रमाणेच आपले काय जाणार आणि आपल्याला काय मिळणार, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

उलट उदाहरणही दूरचे नाही. मार्च २०२५ मध्ये छत्तीसगडच्याच कबीरधाम जिल्ह्यात परसवारा या ग्रामपंचायतीचा शपथविधी झाला. निवडून आलेल्या सहा महिला पंच तेथे नव्हत्या. त्यांच्या जागी त्यांच्या पतींनी शपथ घेतली, पंचायतीच्या सचिवाने ती दिली, आणि समारंभाचे चित्रण लोकांसमोर आले. सचिवाला निलंबित करण्यात आले. तो एकटाच अपराधी होता असे समजणे सोपे आहे. परंतु समारंभाला गाव जमले होते, आणि तेथे कोणाला यात काही वावगे वाटले असावे असे चित्रणात दिसत नाही. ‘सरपंचपती’ हा शब्द अनेक राज्यांत रूढ झाला आहे, आणि तो उपहासानेच वापरला जातो असेही नाही.

राखीव जागांचे टीकाकार अशा घटनांकडे बोट दाखवितात आणि स्त्रिया नावापुरत्या असतात, असा निष्कर्ष काढतात. १९५५ मध्ये मिनीमातांविषयीही असेच म्हणता आले असते. नावापुरती असलेली स्त्री दुसऱ्यांदा निवडून येते तेव्हा काय करते, हे पाहण्याची संधी मात्र आजच्या पद्धतीत फार थोड्यांना मिळते. राखीव प्रभाग फिरता असतो. पाच वर्षे सही करायला, हिशेब वाचायला, तहसीलदाराला उलट प्रश्न विचारायला जी शिकली, तिचा प्रभाग पुढच्या वेळी खुला होतो, आणि त्याच जागेवर तिच्या घरचा पुरुष उभा राहतो. २०२३ मध्ये संसदेने लोकसभा आणि विधानसभांतील एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखण्याची घटनादुरुस्ती केली. कायद्याच्या मजकुराने तिची अंमलबजावणी त्यानंतरच्या पहिल्या जनगणनेशी आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी बांधली, मुदत पंधरा वर्षांची ठेवली, आणि प्रत्येक पुनर्रचनेनंतर जागा फिरत्या ठेवण्याची तरतूद केली. २०१९ मध्ये लोकसभेत ७८ स्त्रिया निवडून आल्या होत्या. २०२४ मध्ये ७४.

परसवाऱ्याच्या त्या सहा जणी आपल्या गावात पाच वर्षांसाठी पंच आहेत. ग्रामसभेची नोंदवही, रोजगार हमीच्या कामांची यादी आणि हातपंपाच्या दुरुस्तीचा ठराव त्यांच्यापुढे यावा, असे कायदा म्हणतो.